माल गोदामातच, बिल मात्र कंपनीत

प्रश्न : काका, मी एका बिस्किट कंपनीत सेल्स ऑफिसर आहे, नाशिक भागात. महिना संपता संपता मॅनेजर डिस्ट्रिब्युटरच्या नावावर जादा माल बिल करायला लावतात आणि पुढच्या आठवड्यात तो रिटर्न दाखवतात. कधी कधी तर माल गोदामातून हलतही नाही. आकडे माझ्या लॉगिनवरून जातात. काय करू?

उत्तर : हे ‘प्रायमरी’चं, म्हणजे कंपनीने डिस्ट्रिब्युटरला केलेल्या विक्रीचं, दुखणं जुनंच आहे. कंपनी विक्री मोजते डिस्ट्रिब्युटरपर्यंत, बिस्किटं खातं गिऱ्हाईक. मधे किती माल साचलाय हे कोणी विचारत नाही. माल खरंच गेला नि परत आला, तर निदान क्रेडिट नोट (बिलातली रक्कम कमी करणारा कागद) निघते, जीएसटी रिटर्नमध्ये दिसते. पण माल न हलवता नुसतं बिल फाडलं, तर तो 2017च्या सीजीएसटी (केंद्रीय जीएसटी) कायद्याच्या कलम 122 खाली दंडाचा विषय. ‘वरून फोन आला होता’ हे तिथे कुठून दाखवणार?

म्हणून सूचना लेखी मागा. मेल टाका : ‘सर, अमुक डिस्ट्रिब्युटरकडे इतक्या पेट्या शिल्लक आहेत, तरी बिल करायचं का?’ बहुतेक साहेब या ओळीला उत्तरच देत नाहीत, हा माझा ऑडिटमधला अनुभव. पासवर्ड कोणालाही देऊ नका. कंपनी शेअर बाजारात नोंदलेली असेल, तर 2013च्या कंपनी कायद्याच्या कलम 177 प्रमाणे तक्रारीची यंत्रणा असायलाच हवी. गंभीर प्रकरणात थेट ऑडिट कमिटीच्या, म्हणजे हिशेबांवर नजर ठेवणाऱ्या संचालकांच्या समितीच्या, अध्यक्षांकडे जाता येतं. त्या महिन्याचा इन्सेंटिव्ह मात्र बुडाला असं धरूनच चाला.