लॉंगबोमन मशीनरीनंतर नाही, मशीनरीच्या आधीपासून खेळायचे असतात (सिव्ह ५, इंग्लंड)

भावा तुझा प्रश्न असा आहे की सिव्हिलायझेशन ५ या कॉम्प्युटर गेममधे ब्रेव्ह न्यू वर्ल्ड हे एक्सपान्शन टाकून इंग्लंड खेळतोयस, लॉंगबोमन (लांब धनुष्यवाले तिरंदाज) बनवतोस पण शेजाऱ्याचं एकही शहर पडत नाही आणि शेवटी ते नुसते बॉर्डरवर उभे राहून जुने होतात, मग हे युनिक युनिट, म्हणजे फक्त इंग्लंडला मिळणारं, खरंच कामाचं आहे का. आहे, माझ्या मते मध्ययुगात शहरं घ्यायला यांच्या तोडीचं फार थोडं आहे, फक्त ते काय आहे ते नीट बघ. लॉंगबोमनची ताकद बाकी देशांच्या साध्या क्रॉसबोमनएवढीच, १८, तिथे काही जास्त मिळत नाही. जास्त मिळते ती रेंज, २ टाइल (नकाशावरची घरं) ऐवजी ३. आणि शहर स्वतः मारतं २ टाइलपर्यंत. म्हणजे शहर तुला हात लावू शकत नाही आणि तू त्याला मारत राहू शकतोस, सगळी मजा या एका टाइलमधे आहे, ती टाइल सोडून पुढे गेलास की तुझ्याकडे साधे क्रॉसबोमन उरतात. तू लिहिलंयस की शहराजवळ नेल्यावर दोन टर्नमधे मरतात, त्यावरून मला वाटतं हेच होतंय.

आता वेळ. मशीनरी, म्हणजे लॉंगबोमन देणारं टेक (तंत्रज्ञान), संशोधन झाल्यावर शहरात लॉंगबोमन बनवायला लावलेस तर पाच-सहा जमेपर्यंत एआयची (कॉम्प्युटर खेळतो त्या देशांची) शहरं मजबूत होतात, भिंती, कॅसल सगळं येतं. म्हणून त्याआधीचं कन्स्ट्रक्शन टेक आलं की कॉंपोझिट बोमन (आधीचे तिरंदाज, यांचेच पुढे लॉंगबोमन होतात) बनवून ठेव, बराक्स असलेल्या शहरातून, आणि सोनं साठव, मशीनरी येईल त्या टर्नला सगळे एकदम अपग्रेड. ज्या टर्नला टेक येतं त्याच टर्नला तुझी फौज उभी असते आणि ती पण अनुभवी. बराक्स नव्या युनिटला १५ एक्सपी (अनुभवाचे पॉइंट) देतं, पहिलं प्रमोशन (बढती) १० ला, दुसरं ३० ला, तिसरं ६० ला, चौथं १०० ला. बार्बेरियन (कुठल्याच देशाचे नसलेले लुटारू) मारून ३० च्या वर जाता येत नाही त्यामुळे पुढचं खऱ्या युद्धातच कमवावं लागतं. ॲक्युरसी किंवा बॅराज या तिरंदाजांच्या प्रमोशनमधली एकच लाइन धरून तिसऱ्यापर्यंत जा, थोडं इकडचं थोडं तिकडचं घेऊ नको, कारण तिसऱ्यानंतर लॉजिस्टिक्स उघडतं, म्हणजे एका टर्नमधे दोन वार, आणि तीन टाइलवरून दोन वार करणारं युनिट त्या काळात कुणाकडेच नसतं.

मग प्रत्यक्ष वेढा. युनिटला साधारण २ टाइलपर्यंतच दिसतं आणि तू मारतोयस ३ वर, त्यामुळे पुढे कुणीतरी बघायला हवं नाहीतर शहर धुक्यात राहतं आणि वार करताच येत नाही. मी पुढे पाइकमन (भालेवाला) ठेवतो, फोर्टिफाय करून (जागेवर बचावाला बसवून), टेकडी किंवा जंगलात. त्याचे दोन फायदे, तो बघतो, आणि शहराला टर्नला एकच वार मिळतो तो त्याच्यावर जातो. शिवाय शत्रूचे नाइट्स धावून येतात तेव्हा मधे तोच असतो, घोडेस्वारांवर त्याला बोनस आहे. दुसरं म्हणजे मधे टेकडी, जंगल असेल तर इनडायरेक्ट फायर (आडोशापलीकडे मारायचं प्रमोशन) नसताना वार होत नाही, तेव्हा युद्ध पुकारायच्या आधीच मॅप बघून कुठल्या टाइलवर कोण उभं राहणार ते ठरव. उभं राहायला टेकडी मिळाली तर सोन्याहून पिवळं. सपाट मैदानातलं शहर आधी निवड, डोंगरात दडलेलं शहर लॉंगबोमनसाठी फार चिवट जातं.

पहिले एक-दोन टर्न शहराला हातच लावू नको. एआय सैन्य बाहेर काढतो, ते आधी संपव, तीन टाइलवरून ते तुझ्यापर्यंत पोचायच्या आत निम्मे होतात. मग शहर. आणि शहर घ्यायला शेवटचा वार मेली (समोरासमोर लढणाऱ्या) युनिटचाच लागतो, तिरंदाज कितीही असले तरी आत शिरत नाहीत, तर एक हॉर्समन किंवा नाइट मागे लांब, शहराच्या रेंजबाहेर ठेव, शहराची हेल्थ संपली की त्याच टर्नला तो धावत येऊन घेतो.

पुढे लॉंगबोमनची गॅटलिंग गन होते, ते अपग्रेड मात्र विचार करून कर. साध्या गॅटलिंगची रेंज १ असते, तुझ्या लॉंगबोमनची जास्तीची रेंज सोबत जाते म्हणून तुझी २ होते. बचावाला हे जबरदस्त आहे, पण शहराच्या रेंजबाहेरून मारायचं जे होतं ते गेलं. म्हणून वेढा चालू असेल तर तो संपेपर्यंत काही अपग्रेड करू नको, शहर पडलं की मग कर.

हा जो हिशोब आहे ना, अपग्रेड झाल्यावर काय सोबत जातं आणि काय जातं वाया, तो दुसरा देश घेतलास तरी आधी कर. चीनच्या चू-को-नूचे (त्यांचे क्रॉसबोमन) दोन वार पुढे गॅटलिंगपर्यंत जातात, ऑटोमनच्या जॅनिसरीचं शत्रू मारला की ५० हेल्थ परत मिळणं पण टिकतं, म्हणून ही युनिट जपून वाढवायची. उलट मंगोलांचे केशिक आणि अरबांचे कॅमल आर्चर, हे घोड्या-उंटावरचे तिरंदाज, वार करून मागे सरकता येतं म्हणून त्यांच्या काळात कुणाला ऐकत नाहीत, पण पुढे होतात कॅव्हलरी, म्हणजे मेली, आणि तिरंदाजीची सगळी प्रमोशन वाया. त्यांना राखून ठेवण्यात अर्थ नाही, मिळाले की लगेच युद्ध. आपल्यातले बरेच जण पहिल्यांदा भारत घेतात, त्यांच्या वॉर एलिफंटचं (हत्तीवरचे तिरंदाज) पण तेच आहे, घोडे लागत नाहीत ही मोठी सोय, पण पुढे नाइट होतो, तेव्हा जे करायचं ते सुरुवातीलाच.

इंग्लंडचं युनिक जहाज शिप ऑफ द लाइन विसरू नको, इंग्लंडच्या जहाजांना २ जास्तीच्या चाली असतात, त्याला लागणारं लोखंड आधीच ताब्यात ठेव, किनाऱ्यावरची शहरं लॉंगबोमननी सोडली तर ती यांनी घ्यायची, सोबत एक प्रायव्हेटिअर (मेली जहाज) शहरात शिरायला.

मॅप कुठला आहे आणि शेजारी कोण ते सांग. आणि त्या शेजाऱ्याकडे ग्रेट वॉल हे वंडर (खास बांधकाम) आहे का ते बघ, असेल तर त्याच्या हद्दीत प्रत्येक पावलाला जास्त चाल लागते आणि तुझे तिरंदाज जागेवर पोचेपर्यंतच मार खातात, त्याला सोडून दुसरा शेजारी धर.