शेजारच्या वहिनींना नवरा मारतो. आम्ही नात्यातले नाही, तरी तक्रार करता येईल का? मंडळातल्या ज्येष्ठांकडून नवऱ्याला समजावण्याचाही बेत आहे. (दांडिया बाजार, बडोदा)

येईल. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम ४ प्रमाणे कोणीही संरक्षण अधिकाऱ्याला (याच कायद्याखाली सरकारने नेमलेला अधिकारी) कळवू शकतं आणि चांगल्या हेतूने कळवणाऱ्यावर काही जबाबदारी येत नाही. दांडिया बाजारातली जुनी घरं म्हणजे भिंतीला भिंत. ऐकू सगळ्यांना येतं, पण लोक टीव्हीचा आवाज वाढवतात. तुम्ही विचारलंत हेच बरं.

मारहाण चालू असेल तर सरळ १८१ लावा. गुजरातेत ही 'अभयम' हेल्पलाइन २०१५ पासून राज्यभर आहे. रात्रीही चालू असते, आणि गरज पडली तर महिला समुपदेशक व महिला पोलीस गाडी घेऊन घरी येतात.

एरवी आधी वहिनींना एकटं गाठा, नवरा कामावर गेल्यावर, विरजणाच्या निमित्ताने का होईना. 'सोडून द्या त्याला' म्हणू नका. बहुतेकींना धास्ती असते ती घर सुटण्याची. म्हणून हे सांगा: घर सासऱ्यांच्या नावावर असलं तरी याच कायद्याच्या कलम १७ नुसार तिथे राहायचा हक्क वहिनींना आहे. वकील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट मिळतो, बाईंचं उत्पन्न कितीही असो. आधार, पासबुक, दवाखान्याचे कागद यांच्या झेरॉक्स तुमच्याकडे ठेवून घ्या.

मंडळातल्या ज्येष्ठांना मध्ये घालून नवऱ्याला 'समजावण्याचा' बेत मात्र मला पटत नाही. त्याला आधी खबर लागते आणि त्या रात्रीचं वहिनींनाच भोगावं लागतं.