इंग्रजीतील उपमा कशी ओळखावी आणि ती वापरताना काय जपावे?

इंग्रजीतील ‘सिमिली’ म्हणजे आपला उपमा अलंकारच; आपल्या ‘सारखा’, ‘प्रमाणे’ या शब्दांचे काम तेथे ‘लाइक’ किंवा ‘अ‍ॅज… अ‍ॅज’ करतात. ‘अ‍ॅज ब्रेव्ह अ‍ॅज अ लायन’ यात शौर्य हा समान गुण उघड सांगितला आहे, तर ‘ही फॉट लाइक अ लायन’ यात तो वाचकाने ओळखायचा असतो, आणि मला हीच रचना अधिक जिवंत वाटते. खरी गफलत एकेरी ‘अ‍ॅज’मुळे होते: ‘ही स्पोक लाइक अ डॉक्टर’ म्हणजे डॉक्टर नसूनही तो तसा बोलला, परंतु ‘अ‍ॅज अ डॉक्टर’ म्हटले की तो डॉक्टर या नात्याने बोलला, आणि उपमा उरत नाही. भाऊ वडिलांसारखा दिसतो, ही मात्र निव्वळ तुलना. उपमेला भिन्न जातीच्या दोन गोष्टी लागतात.