माझी मुलगी जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे. तिथल्या शाळा व्यवस्थापन समितीवर पालक म्हणून निवडून यायचं असेल तर काय करावं?

मुलगी जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे म्हणता, म्हणजे तुम्ही उभे राहू शकता. शिक्षण हक्क कायदा, 2009 च्या कलम 21 नुसार या समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालकच असावे लागतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला. वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांच्या पालकांनाही त्यांच्या संख्येच्या प्रमाणात जागा असतात. (विनाअनुदानित खासगी शाळांना हे कलम लागू नाही.)

निवड पालकसभेत होते. पोस्टर, प्रचार वगैरे काही लागत नाही. अडचण वेगळीच असते. सभेची नोटीस मुलांच्या दप्तरात चुरगळून पडते, मोजके पालक येतात आणि नावं आधीच ठरलेली असतात. म्हणून मुख्याध्यापकांना आत्ताच भेटा, सभेची तारीख विचारा आणि तुमच्या मुलीच्या वर्गातल्या चार-पाच पालकांना, विशेषतः आयांना, सोबत घेऊन जा. सभेत कुणीतरी तुमचं नाव सुचवलं पाहिजे. स्वतःचं नाव स्वतः घ्यायला आपण उगाच लाजतो.

निवडून आलात की खरं काम पैशाचं. शाळेला आलेलं अनुदान कुठे खर्च झालं हे पाहणं आणि शाळा विकास आराखडा तयार करणं, ही दोन्ही कामं कायद्यानेच समितीला दिली आहेत. त्यामुळे पहिल्याच बैठकीत मागच्या वर्षीचा खर्च आणि इतिवृत्ताची वही बघायला मागा. न वाचता सही मात्र करू नका. अध्यक्षपदासाठी घाई नको, साधा सदस्यही नेमके प्रश्न विचारू शकतो.