एकच पिस्तूल, दोन कामं? आपल्याकडे जमत नाही

प्रश्न मला समजला तो असा: वय एकतीस, नोकरी पुण्यात, मुळशीकडे थोडी शेती आणि तिथल्या घरात आईवडील दोघंच. ७० हजारांत असं एक पिस्तूल हवंय, की रविवारी नेमबाजी होईल आणि वेळ आलीच तर संरक्षणही. शिवाय शेवटी हळूच टाकलंय की तुम्ही डावखुरे आहात. त्यावर शेवटी येतो.

दोन्ही कामं एका पिस्तुलात बसवण्याची कल्पना आपण बहुतेक जण अमेरिकेतल्या व्हिडिओंवरून उचलतो. तिथला माणूस दुकानातून ९ मिमीचं ग्लॉक घेतो आणि रेंजवर खोकीच्या खोकी रिकामी करतो. आपल्याकडे ९ मिमी हा प्रतिबंधित बोअर (नळीचा आतला व्यास) आहे, तो सर्वसामान्य परवान्यावर मिळत नाही. पिस्तूल-रिव्हॉल्व्हरमध्ये तुमच्या-माझ्यासाठी उरतात मुख्यतः .३२ आणि .२२. आता किंमत बघा. कानपूरच्या आयुध निर्माणीने २०१४ साली ‘निर्भीक’ हे अर्ध्या किलोचं .३२ रिव्हॉल्व्हर काढलं, त्याची तेव्हाचीच किंमत होती १,२२,३६० रुपये. तुमचं बजेट तिथेच संपलं.

पण पैशापेक्षा मोठी अडचण काडतुसांची आहे. एका वेळी किती आणि वर्षाला किती घ्यायची ते परवान्यावर ठरवून दिलेलं असतं आणि प्रत्येक काडतूस महाग. त्यामुळे सराव होत नाही. माझ्या ओळखीत तीन परवानाधारक आहेत. तिघांनी मिळून आजवर पन्नास गोळ्या झाडल्या असतील-नसतील. एकाचं रिव्हॉल्व्हर तेल लावून, फडक्यात गुंडाळून कपाटात असतं आणि निवडणूक आली की पोलीस ठाण्यात जमा होतं. रात्री दोन वाजता, झोपेतून उठून, थरथरत्या हाताने हा माणूस काय नेम धरणार? आणि धरला तरी कायदा आहेच. भारतीय न्याय संहितेच्या ३७व्या कलमाप्रमाणे बचावासाठी गरजेपेक्षा जास्त इजा करता येत नाही. चोर पाठ फिरवून पळत असताना चाप ओढलात, तर उत्तरं तुम्हालाच द्यावी लागतील.

परवाना काढूच नका असं म्हणत नाही. तुमचा पत्ता शहर आयुक्तालयाच्या हद्दीत असेल तर अर्ज पोलीस आयुक्तांकडे, ग्रामीण हद्दीत असेल तर जिल्हाधिकाऱ्यांकडे. शस्त्र का हवं याचं कारण पटवून द्यावं लागतं, पोलिसांचा अहवाल येतो, शस्त्र सुरक्षा प्रशिक्षणाचा दाखला लागतो. परवाना मिळालाच तर पाच वर्षांचा. ते काम स्वतंत्रपणे चालू ठेवा, त्यावर नेमबाजी अडवून ठेवू नका.

नेमबाजीसाठी माझं उत्तर एकच: १० मीटर एअर पिस्तूल. ०.१७७ बोअर आणि २० ज्यूलच्या आतली ताकद असेल तर शस्त्र परवाना लागत नाही, दुकानदार ओळखपत्र मात्र घेतो. या प्रकारात दहाचं वर्तुळ असतं ११.५ मिमीचं, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढं. दहा मीटरवरून, एका हाताने, ७५ मिनिटांत ६० शॉट. पहिल्या दिवशी माझे दोन छर्रे कागदाच्या बाहेर गेले होते. शेजारी आठवीतली एक मुलगी शांतपणे नऊ-दहा नऊ-दहा मारत होती.

इथे जे शिकता ते कुठल्याही पिस्तुलाला लागू पडतं. नजर माशीवर, म्हणजे नळीच्या टोकावरच्या नेम धरायच्या खुंटीवर ठेवायची, लक्ष्यावर नाही. माशी धारदार दिसली पाहिजे आणि समोरचं काळं वर्तुळ धूसर. नवशिक्याचं नेमकं उलट होतं, कारण मन लक्ष्याकडे धावतं. आणि चाप ओढायचा नाही, दाबत न्यायचा. शॉट कधी सुटेल हे आपल्यालाही कळता कामा नये. ‘आता!’ म्हणून बोट आवळलंत की उजव्या हाताने मारणाऱ्याचा छर्रा खाली-डावीकडे गेलाच समजा. हे बोटात मुरायला हजारो शॉट लागतात. पाचशे छर्ऱ्यांच्या डबीवर ते परवडतं, काडतुसांवर नाही. घरी रिकाम्या पिस्तुलाने, कोऱ्या भिंतीसमोर रोज वीस मिनिटं सराव केलात तर तेवढाही खर्च नाही.

आता पैसे. आयात केलेलं नवं मॅच पिस्तूल (स्पर्धेसाठीचं एअर पिस्तूल), म्हणजे स्टायर, मोरिनी, वॉल्थर, पार्दिनी वगैरे, दीड-दोन लाखांच्या घरात जातं. तुमच्या रकमेत जुनंच बघावं लागेल आणि इथे मी स्वतः तोंडावर पडलोय. माझं पहिलं पिस्तूल एका निवृत्त खेळाडूकडून घेतलं. चकाचक दिसत होतं. रेंजवर हवा भरायला गेलो तर तिथल्या माणसाने पिस्तुलाची हवेची टाकी उलटी करून त्यावर कोरलेली तारीख दाखवली. दहा वर्षं उलटून गेलेली! असल्या मुदत संपलेल्या टाकीत २०० बार दाब भरायला तो तयार नव्हता, आणि बरोबरच होतं त्याचं. नवी टाकी मागवेपर्यंत चार महिने पिस्तूल पेटीत. तेव्हा जुनं घेताना आधी टाकीवरची तारीख वाचा, मग टाकी भरून एक रात्र ठेवा आणि सकाळी दाब उतरलाय का बघा. टाकीची भानगडच नको असेल तर रशियन बायकल ४६-एम शोधा. प्रत्येक शॉटआधी दांडा ओढून हवा दाबायची, बस. दिसायला ओबडधोबड आहे, पण नेमाला चोख.

खरं सांगायचं तर पहिले तीन-चार महिने काहीच घेऊ नका. बालेवाडीच्या नेमबाजी रेंजवर किंवा घराजवळच्या क्लबात जा, क्लबाचं पिस्तूल वापरा आणि पैसे प्रशिक्षकावर घाला. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूलमध्ये सुवर्ण मिळवलं तेव्हा आमच्या क्लबात आठवडाभर नव्या पोरांची रांग लागली होती. त्यातले निम्मे आधी पिस्तूल घेऊन आले होते आणि दिवाळीपर्यंत तेच विकायला काढलं.

शेतावरच्या घरासाठी मात्र एअर पिस्तुलाचा उपयोग शून्य. ते दाखवून कुणाला घाबरवायचा विचारही नको, समोरच्याकडे खरं असलं तर? तिथे अंगणात आपोआप पेटणारे दिवे, आतून भक्कम कडी आणि एखादं गावठी कुत्रं. ११२ नंबर आईच्या फोनवर पहिल्या बटणाला लावून द्या.

आणि डावखुऱ्याचं. मॅच पिस्तुलाची मूठ हाताच्या साच्यासारखी असते, उजवी मूठ डाव्या हातात बसतच नाही. जुन्या बाजारात सगळा माल उजवा. पण बऱ्याच पिस्तुलांची मूठ एक-दोन स्क्रू काढले की निघते आणि डावी वेगळी मागवता येते, तेव्हा सौदा करताना तिचे पैसे आधीच वजा करून भाव सांगा. साइज ठरवायला पंजा कागदावर ठेवून पेन्सिलीने गिरवून न्या. डावी मूठ एकदा चुकीची आली की परत कुणी घेत नाही.