वाचकांचे प्रश्न : नेदरलँड्सच्या राजघराण्याचे ध्वज आणि कुलचिन्हे

प्रश्न : नेदरलँड्सच्या राजाच्या छायाचित्रांत कधी लाल-पांढरा-निळा ध्वज दिसतो, तर कधी नारिंगी कापडावर निळा क्रूस असलेला. राजाच्या भावाचा ध्वज आणखी निराळा असतो, असे वाचले. एकाच कुटुंबात इतके ध्वज कशासाठी? (एक वाचक, मिरज)

उत्तर : लाल-पांढरा-निळा हा देशाचा ध्वज आहे आणि तो कोणीही नागरिक लावू शकतो. नारिंगी ध्वज मात्र व्यक्तीचा असतो. तो जिथे फडकतो तिथे ती व्यक्ती उपस्थित आहे, असा त्याचा मूळ संकेत आहे. त्यामुळे राजवाडा, नौका आणि मोटार या ठिकाणी त्याला विशेष महत्त्व असते.

सध्याचा राजध्वज राणी विल्हेल्मिना यांनी १९०८ मध्ये राजाज्ञेने ठरवून दिला. हा ध्वज चौरस असून गडद निळ्या क्रूसामुळे त्याच्या नारिंगी पृष्ठाचे चार भाग पडतात आणि प्रत्येक भागात एक निळे शिकारी शिंग असते. मध्यभागी मुकुटासह राज्याची ढाल आहे व तिच्याभोवती, पहिला राजा विलेम याने १८१५ मध्ये स्थापन केलेल्या लष्करी विलेम सन्मानाचे पदक आहे. ढालीवरचा सिंह नासाऊ घराण्याचा, म्हणजे या राजघराण्याच्या मूळ कुळाचा आहे, पण त्याच्या पंजांतील तलवार आणि सात बाण पूर्वीच्या डच प्रजासत्ताकाचे आहेत. हे सात बाण म्हणजे त्या प्रजासत्ताकातील सात प्रांत. राजेशाही आली तेव्हा तिने प्रजासत्ताकाची खूण पुसली नाही, तर स्वतःच्या सिंहाच्या हाती दिली. मला ही गोष्ट फार बोलकी वाटते.

शिंगाचे मूळ हॉलंडमध्ये नसून दक्षिण फ्रान्समधील ऑरेंज या छोट्या संस्थानात आहे. तिथला राजपुत्र रने १५४४ मध्ये लढाईत मरण पावला. त्याला वारस नसल्यामुळे ते संस्थान नासाऊ घराण्यातील त्याच्या चुलतभावाकडे, म्हणजे पुढे स्पेनविरुद्धच्या बंडाचे नेतृत्व करणाऱ्या विलेमकडे गेले. अठराव्या शतकाच्या आरंभी फ्रान्सने ही भूमी कायमची गिळंकृत केली, तरी तिचे नाव, तिचा रंग आणि तिचे शिंग घराण्याने सोडले नाही. ‘मी टिकवून धरीन’ अशा अर्थाचे फ्रेंच भाषेतील ब्रीदवाक्यही त्याच वारशातून आले आहे.

राजपुत्र आणि राजकन्या यांच्या ध्वजांत हाच आराखडा असतो, परंतु सन्मानपदक गाळलेले असते. राजकन्यांच्या ध्वजाचे टोक आपल्या भगव्या झेंड्यासारखे दुभंगलेले असते, राजपुत्रांच्या ध्वजाचे मात्र नसते. खरा फरक चार भागांत आहे. तिथे सर्वत्र शिंग नसून काही भागांत त्या व्यक्तीच्या पित्याच्या कुळाची खूण असते. विल्हेल्मिना यांच्या कन्या राणी युलियाना यांच्या मुलींच्या ध्वजांवर पिता बर्नहार्ड यांच्या लिप्पे घराण्याचा गुलाब आहे, तर राणी बिआट्रिक्स यांच्या पुत्रांच्या ध्वजांवर पिता क्लाउस फॉन आम्सबर्ग यांच्या कुलचिन्हातील किल्ला आहे. म्हणून राजाचे बंधू कॉन्स्टंटाइन यांचा ध्वज आपणांस वेगळा दिसला. वैयक्तिक ढालींची रचनाही याच धर्तीची आहे. सिंह आणि शिंग आलटून पालटून चार घरांत बसतात आणि मधल्या छोट्या ढालीवर पितृकुळाची खूण येते. विवाहाने आलेल्या राणी माक्सिमा यांच्या मधल्या ढालीवर त्यांच्या अर्जेंटिनातील माहेरचे चिन्ह आहे.

ही खूण राज्यारोहणाबरोबर मात्र गळून पडते. सध्याचे राजे विलेम-अलेक्झांडर राजपुत्र होते तोवर त्यांच्या ढालीत आम्सबर्गचा किल्ला होता. ३० एप्रिल २०१३ रोजी ते राजे झाले आणि केवळ राज्याचीच ढाल वापरू लागले. त्याच दिवशी पदत्याग करून बिआट्रिक्स पुन्हा राजकन्या झाल्या व राजध्वजावरचा त्यांचा अधिकार संपला. १८९० पासून २०१३ पर्यंत या सिंहासनावर सलग तीन राण्या होत्या, त्यामुळे प्रत्येक पिढीत पितृकुळ बाहेरचे होते. तरीही १९०८ चा ध्वज चार राज्यकर्त्यांनी जसाच्या तसा वापरला. राजध्वजात पित्याला जागाच ठेवली नसल्यामुळे हे शक्य झाले.

प्रश्न : घराण्याचा रंग नारिंगी, मग राष्ट्रध्वजात लाल पट्टा का? (एक वाचिका, डोंबिवली)

उत्तर : सोळाव्या शतकातील बंडखोरांच्या ध्वजाचा वरचा पट्टा नारिंगीच होता. सतराव्या शतकात त्याची जागा हळूहळू लाल पट्ट्याने घेतली. समुद्रावर लाल रंग दुरून ठळक दिसतो आणि लवकर विटत नाही, हे त्याचे एक कारण सांगितले जाते. ऑरेंजचे राजपुत्र आणि प्रांत यांच्यातील सत्तास्पर्धा हे दुसरे. विसाव्या शतकात हा वाद पुन्हा पेटला, कारण नाझी विचारांच्या डच पक्षाने नारिंगी-पांढरा-निळा ध्वज आपलासा केला होता. अखेर १९ फेब्रुवारी १९३७ रोजी विल्हेल्मिना यांनी एका त्रोटक राजाज्ञेने लाल, पांढरा आणि निळा हेच राज्याचे रंग असल्याचे जाहीर केले. ऑरेंज घराण्याच्या राणीने नारिंगीच्या विरोधात दिलेला हा निर्णय राजकीयदृष्ट्या शहाणपणाचा होता. नारिंगी रंग तरीही हद्दपार झाला नाही. २७ एप्रिलला, राजाच्या वाढदिवशी, राष्ट्रध्वजाच्या वर एक लांब, अरुंद नारिंगी पताका लावतात. राणी माक्सिमा, राजकन्या बिआट्रिक्स आणि युवराज्ञी अमालिया यांच्या वाढदिवसांनाही तसेच करतात.

प्रश्न : वेंगुर्ल्याच्या डच वखारीवर हाच राजध्वज लागत असे का? (एक वाचक, सावंतवाडी)

उत्तर : नाही. १६३७ मध्ये डचांनी वेंगुर्ल्यात ठाणे मांडले तेव्हा त्यांच्या देशात प्रजासत्ताक होते आणि ऑरेंजचे राजपुत्र राजे नसून प्रांतांचे प्रमुख अधिकारी व सेनापती होते. वखार १६०२ मध्ये स्थापन झालेल्या डच ईस्ट इंडिया कंपनीची होती. या कंपनीच्या तिरंगी ध्वजावर मध्यभागी तिच्या आद्याक्षरांची गुंफण असे, सिंह किंवा शिंग नसे.