घाटात रेंज गेली की गाडीचा जीपीएस ट्रॅकर बंद पडतो का?

नाही. जागा शोधणं आणि ती कळवणं ही दोन वेगळी कामं आहेत. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरच्या किमान चार उपग्रहांचे सिग्नल पकडून ट्रॅकर आपली जागा काढतो. त्याला मोबाइलची रेंज लागतच नाही. ती जागा तुमच्या ॲपपर्यंत पोचवायला मात्र आतलं सिमकार्ड लागतं. म्हणून माळशेज घाटात रेंज गेली, तर चांगला ट्रॅकर नोंदी मेमरीत साठवतो आणि रेंज आली की पाठवतो. तोवर नकाशावर गाडी एकाच जागी थांबलेली दिसेल, घाबरू नका. बोगद्यात मात्र उपग्रहांचे सिग्नलच पोचत नाहीत. आणि विकत घेताना आत स्वतंत्र बॅटरी आहे ना, हे विचाराच. चोर आधी वायरच तोडतो.